गोठ्यासकट

मी एक जुना संगणक आहे. मूळचा पांढरा, पण आता अंगाला पान खाणाऱ्याच्या दातांचा रंग आला आहे. मित्रांनो, तुमच्या खिशातल्या चपट्या फोनला माझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे, हे मला ठाऊक आहे. कोणी ना कोणी ते मला ऐकवतंच. पण तुमच्या फोनने कधी गाय सांभाळली आहे का? मी सांभाळली आहे. तिचीच गोष्ट सांगतो, माझी त्यात ओघाने येईल.

माझा जन्म औरंगाबादच्या एका दुकानात झाला. पेटी एका कंपनीची, पंखा दुसऱ्या कंपनीचा आणि मेंदू कुठला ते जोडणाऱ्यालाही नीट सांगता आलं नसतं. पुढे जालन्यातल्या एका बियाणांच्या कचेरीत मी कपाशीच्या पिशव्या मोजल्या. तिथे हिशोब बरोबर आला की साहेब हुशार ठरत आणि चुकला की मशीन बिघडलेलं असे. त्यांनी नवे संगणक आणले तेव्हा संपत नावाच्या तरुणाने मला विकत घेतलं आणि भोकरदनच्या एस.टी.त मांडीवर बसवून नेलं. कंडक्टर माझं अर्धं तिकीट मागायला लागला. संपत म्हणाला, पाच वर्षांच्या आतला आहे. ते खोटं होतं, पण मला लहान म्हटल्याचं फार बरं वाटलं.

हे दोन हजार सहा सालचं. संपतचं सायबर कॅफे एस.टी. स्टँडसमोर होतं. चार संगणक भिंतीला आणि मी कोपऱ्यात, त्यांचा मुकादम म्हणून. इंटरनेट इतकं सावकाश होतं की एक पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक समोरच्या हॉटेलात भजी खाऊन येई. त्याला कंटाळून संपतने स्वतःच एक खेळ रचला आणि माझ्या पोटात ठेवला. खेळाचं नाव नवंगाव.

त्यात चित्रं नव्हती, नुसती अक्षरं. 'तुम्ही वेशीत उभे आहात. डावीकडे विहीर आहे,' एवढं मी पडद्यावर लिहायचं, बाकीचं ज्याने त्याने डोळ्यांपुढे आणायचं. खेळणाऱ्याने एक सोंग घ्यायचं. कोणी शेतकरी, कोणी गाडीवान, कोणी दुकानदार. मग गावात फिरायचं, पेरायचं, इतरांशी बोलायचं आणि विकायचं-घ्यायचं. मराठीत लिहिता यावं म्हणून संपतने औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी कापून कळांवर क, ख, ग लिहिलं होतं. त्या गावाचा तलाठी मी, पाऊस मी आणि यमही मीच. भारनियमन सुरू झालं की आख्ख्या गावाचा प्रलय होई आणि वीज आली की सगळे जिथल्या तिथे पुन्हा जिवंत होत.

घोडं अडलं ते व्यापारात. सुरुवातीला नियम काहीच नव्हता. एकाने ज्वारीचं पोतं जमिनीवर ठेवायचं, दुसऱ्याने ते उचलून पैसे ठेवायचे. पण उचलणारा पैसे ठेवण्याआधीच पळून जाई. खेळातूनच नव्हे, कॅफेतूनही. मग 'आधी तू ठेव', 'नाही, आधी तू', असं करत दोघंही तास-तासभर पोत्यापाशी ताटकळत आणि संपत तेवढ्या वेळाचं भाडं लावी.

अशात एके दिवशी हसनाबादचे मच्छिंद्रमामा आत आले. हे गुरांच्या बाजारातले दलाल. गाडीला वेळ होता आणि कॅफेत पंखा होता, म्हणून बसले. पडद्यावर एका बैलाचा सौदा चाललेला पाहून त्यांना हसू आवरेना. बैल घेणाऱ्याने बैलाचे दातसुद्धा पाहिले नव्हते. संपतला वाटलं, असा जाणता माणूस मिळाला तर आपला खेळ खऱ्यासारखा होईल. त्याने मामांना चहा पाजला आणि सल्लागार नेमलं. तिथून माझे हाल सुरू झाले.

मामा सांगत गेले आणि संपत मला शिकवत गेला. सौदा बाजाराच्या दिवशीच आणि बाजारातच. तिथवर चालत जायचं. जनावराचे दात मोजायचे. त्यासाठी मला गावातल्या प्रत्येक जनावराला दात बसवावे लागले, कारण तोवर सगळी बोळकीच होती. भाव रुमालाखाली बोटं धरून ठरवायचा, म्हणजे ते दोघं आणि दलाल सोडून कोणाला कळता कामा नये. अमावस्येला सौदा नाही. गिऱ्हाइकाने चहा विचारलाच पाहिजे. हे बैलाला ठीक होतं, पण संपतने उत्साहाच्या भरात सगळ्याच मालाला लावलं. मग कोणी मीठ घ्यायला निघाला की आधी बाजाराची वाट बघ, मग चालत जा, दलाल शोध आणि मिठाची पुडी रुमालाखाली धरून घासाघीस कर. एका माणसाची भाजी अमावस्येमुळे दोन दिवस अळणी राहिली.

औषधाच्या दुकानाचे काकासाहेब यात सगळ्यात आधी वैतागले. त्यांना नवंगावचा पाटील व्हायचं होतं आणि ज्याची जनावरं जास्त तो पाटील, असा नियम होता. ते संपतला म्हणाले, "दिवसभर मी दुकानात उभा ऱ्हातो. रातीला हितं येऊन पैसे भरून पुन्हा दुकानातच उभा ऱ्हाऊ का?" हळूहळू लोक येईनासे झाले आणि खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या.

एक चतुराबाई तेवढ्या न चुकता येत. या पिंपळगाव रेणुकाईच्या. गावची जमीन वाटून गेल्यावर मुलांबरोबर भोकरदनला आल्या होत्या आणि शेजारच्या गाळ्यात खानावळ चालवत होत्या. दुपारची गर्दी ओसरली की संपतचा डबा घेऊन यायच्या, पदराला हात पुसायच्या आणि माझ्यासमोर बसायच्या. एका बोटाने कळा शोधत त्यांनी नवंगावात एक कालवड वाढवली होती. तिचं नाव मैनी. रोज वैरण घालायची, पाणी दाखवायचं, पुढे ती व्याली तेव्हा धार काढायची. विकणं नाही की घेणं नाही. त्या पडद्याशी बोलायच्याही, कळ न दाबता, तोंडाने. मला कान नाहीत, पण त्या जवळ वाकून बोलत, तेव्हा काचेवर वाफ धरे. ती वाफ मला आवडायची.

गिऱ्हाईक टिकवायला संपतने शेवटी मामांचे सगळे नियम बासनात गुंडाळले आणि एक सोपी चौकट केली. कोणीही कुठूनही भाव पाठवायचा. समोरच्याच्या पडद्यावर प्रश्न उमटेल, 'सौदा मान्य? होय की नाही?' होय दाबलं की माल इकडे, पैसे तिकडे. पहिल्याच दिवशी मी इतके सौदे केले की माझा पंखा तापून वास यायला लागला. संपत खूश, लोक खूश. पण एक झालं. बाजारात कोणी फिरकेना. ज्याला त्याला घरबसल्या सगळं मिळत होतं, त्यामुळे गावात माणसाला माणूस भेटत नव्हतं. मच्छिंद्रमामा आपलं सोंग घेऊन बाजारात एकटेच उभे राहायचे, 'राम राम' लिहायचे, आणि ते वाचायला माझ्याशिवाय कोणी नसायचं. मला त्यांचं वाईट वाटलं.

मग तो दिवस उजाडला. पाटील होण्याच्या घाईत काकासाहेबांनी गावातल्या झाडून सगळ्या जनावरांना एकाच फटक्यात भाव पाठवला. चतुराबाईंच्या पडद्यावर चौकट उमटली, तेव्हा त्यांचं अर्धं लक्ष खानावळीतल्या उतू जाणाऱ्या वरणाकडे होतं. चौकटीमुळे मैनी दिसेना, म्हणून त्यांनी ती बाजूला सारायला होय दाबलं. मी सांगकाम्या. गाय काकासाहेबांच्या नावावर केली आणि पैसे बाईंच्या. वरण उतरवून त्या परत आल्या, तेव्हा मी पडद्यावर लिहिलं होतं, 'गोठा रिकामा आहे.'

त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. संध्याकाळी काकासाहेब आले, तोवर त्या तिथेच बसून होत्या. त्या म्हणाल्या, आपण गाय विकलीच नाही, चौकटीमागचं दिसावं म्हणून नुसतं बोट लावलं. काकासाहेबांनी आपल्या दुकानातला न्याय सांगितला, की गोळ्या दिल्या आणि बिल झालं की माल परत घेतला जात नाही. संपतने मनात आणलं असतं तर एक कळ दाबून गाय परत केली असती. पण एकाची परत केली तर उद्या सगळे आपापले फसलेले सौदे घेऊन दारात उभे राहतील, या भीतीने त्याने ती कळ दाबली नाही. तेव्हा चतुराबाई हळूच म्हणाल्या, "पिंपळगावात पोरांनी माझी गाय इकली, तव्हा म्या सैपाकात व्हते. कोणी इचारलं न्हाई. हितं बी तसंच झालं."

काकासाहेबांनी नजर चुकवली, पण गाय सोडली नाही. आणि तेवढ्यात वीज गेली.

वीज आल्यावर मी गाव पुन्हा उभं केलं. काकासाहेबांनी आपला गोठा पाहिला, तर मैनी तिथे नव्हती. पाचही पडद्यांवर माझं अक्षर उमटलं, 'मैनी विहिरीपाशी आहे.' मग, 'मैनी वेशीतून जात आहे.' थोड्या वेळाने, 'मैनी चतुराबाईंच्या गोठ्यात उभी आहे. रवंथ करत आहे.'

काकासाहेबांनी तिला ओढून नेलं. ती परत निघाली. त्यांनी गोठ्याला दार लावलं, तर दाराशी उभी राहून हंबरायला लागली आणि मी ते हंबरणं सगळ्यांच्या पडद्यावर लिहीत राहिलो. एकाने कांद्याचा सौदा अर्धा सोडला, दुसरा नांगर टाकून आला. बऱ्याच दिवसांनी आख्खं नवंगाव एका ठिकाणी जमलं आणि जो तो मैनीच्या बाजूने बोलू लागला. काकासाहेबांनी बाईंवर चोरीचा आळ घेतला, मग माझ्यावर खापर फोडलं. मी बिघडलो नव्हतो, मित्रांनो. मला दोन हुकूम होते. नवा हुकूम सांगत होता, गाय काकासाहेबांची. जुना हुकूम मामांच्या काळातला होता, तो खोडायचं संपत विसरला होता आणि वीज आल्यावर गाव नव्याने उभं करताना तो माझ्या हाती लागला.

तो काय ते मामांनी सांगितलं. ते बाजारातून सावकाश चालत आले आणि कॅफेतल्या खुर्चीवरूनही उठले. "जनावर इकताना आपलं दावं कोणी देत नसतं, काकासाहेब. इकणारानं आपल्या हातानं सोडायचं, घेणारानं आपलं नवं बांधायचं. मंग ती तुमची. बाईनं व्हय दाबलं, पण दावं कुठं सोडलं?"

गाय दाव्याकडे जाते, हाच तो जुना हुकूम. काकासाहेबांनी दाव्यासाठी वीस गाड्या ज्वारी देऊ केली. चतुराबाईंनी एक एक अक्षर शोधत 'न्हाई' लिहिलं. एवढा वेळ लागला की सगळं गाव श्वास रोखून वाचत होतं. काकासाहेब शेवटी स्वतःच हसले. म्हणाले, ही गाय गोठ्यात ठेवून मी पाटील झालो, तर रोज रात्री सारं गाव माझ्या दाराशी हंबरेल. पैसे परत घेतले आणि मैनी जिथे होती तिथेच राहिली. मला इतका आनंद झाला की मी अडकलो, आणि संपतला मला बंद करून पुन्हा चालू करावं लागलं.

त्यानंतर नियम बसला. मीठ, तेल, बी, कापड, जे मुकं आणि निर्जीव ते एका बोटाने. जित्या जिवाचा सौदा मात्र बाजारात, समोरासमोर आणि दावं सोडून. मामांनीही थोडं नमतं घेतलं. चौकटीतून ते स्वतः खेळातली तंबाखू मागवत होते, हे उघड झालं, तेव्हा म्हणाले, "तंबाखूपुरतं बटण बराबर हाय." बाजारात पुन्हा गर्दी झाली. काकासाहेब पुढे पाटील झाले, पण शेळ्यांच्या जोरावर.

दिवस कोणाचे राहिले आहेत? लोकांच्या हातात फोन आले, खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि संपतला पुण्यात नोकरी लागली. सामान काढायला भंगारवाला आला. त्याने मला एका हाताने उचलून वजनाचा अंदाज घेतला, तेव्हा मी खरोखर घाबरलो. माझ्यासाठी नव्हे. मी गेलो तर मैनी कुठे बांधायची?

चतुराबाई धावत आल्या. संपत त्यांची समजूत घालायला लागला. म्हणाला, मावशी, हे धूड कशाला नेता, मी मैनीला एका सीडीच्या चकतीवर काढून देतो, पर्समध्ये मावेल.

चतुराबाईंनी ती चकती हातात घेऊन उलटसुलट केली आणि परत दिली. "चकतीवर गाय कुठं बसंल, बाबा? दे गोठ्यासकट."

मग मी हातगाडीवरून, संपतच्या सोबतीने, त्यांच्या घरी निघालो. दारात मला खाली ठेवलं. बाईंनी माझ्या पांढऱ्या-पिवळ्या कपाळावर हळदकुंकू लावलं. आजवर मला असं कोणी घरात घेतलं नव्हतं. मी भारावून गेलो होतो. तेवढ्यात त्या तांब्या घेऊन आल्या. घरी आलेल्या गाईच्या पायांवर पाणी घालतात ना, तसं त्यांनी ते भक्तिभावाने माझ्यावर ओतलं.

संपतची किंकाळी मला आठवते. त्यापुढे तीन दिवस मी पापडांच्या शेजारी उन्हात वाळत होतो.

चालू झालो, एवढं खरं. आता रोज दुपारी चतुराबाई मला सुरू करतात. नवंगावात आज कोणी नाही. बाजार रिकामा आहे, विहिरीवर कोणी येत नाही. पण वेशीपासून शेतापर्यंत सगळं गाव मी जसंच्या तसं उभं करतो, कारण गाईला फिरायला जागा लागते. धार काढून झाली की बाई माझ्या पाठीवर थाप मारतात. ती माझ्यासाठी की मैनीसाठी, हे मी विचारत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा म्हातारा माळ्यावर पडला असेल. त्याला भंगारात द्यायची घाई करू नका. त्याच्या पोटात कोणाचं काय राहिलं आहे, ते आधी घरातल्या सगळ्यांना विचारा, सैपाकघरात असतील त्यांनाही. त्याची धूळ पुसा, मान द्या, हवं तर हळदकुंकूही लावा. फक्त तांब्या लांब ठेवा.