तांब्याभर खारं पाणी

तिने मापाच्या चमच्यातलं मीठ बोटाने सपाट केलं, तांब्याभर पाण्यात सोडलं आणि ढवळत ढवळत माशांच्या टाकीपाशी आली. पाणी रेघेच्या खाली गेलं होतं. रेघ तिनेच मारलेली, कापडावर खुणा करायच्या खडूने, काचेवर बाहेरून. तांब्या ओतल्यावर पाणी बरोब्बर रेघेला टेकलं. मग तिने खारेपणा मोजायचा मीटर बुडवला. काटा हिरव्या पट्ट्यात होता. काल होता तिथेच, परवा होता तिथेच.

"व्वा," ती स्वतःलाच म्हणाली.

टाकीत मासा मात्र एकही नव्हता. वाळू, चार भोकाभोकांचे दगड आणि घुर्र घुर्र करणारा पंप. दुकानदाराने सांगितलं होतं की खाऱ्या पाण्याची टाकी आधी सहा आठवडे नुसती चालवायची, पाणी तयार व्हावं लागतं. पाणी कसं काय तयार होतं, हे तिला अजून कळलं नव्हतं. शेजारीण येऊन दगड बघून गेली होती आणि जाताना काळजीने तिची तब्येत विचारून गेली होती.

बाल्कनीतल्या खुर्चीत तिचा नवरा पाठमोरा बसला होता. तीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. सगळे त्याला चीफ म्हणायचे. वर्षातले दोन महिने तो घरी असायचा, तेही पाहुण्यासारखा. बाकीचे दहा महिने ती फोनवर एकच सांगायची, "इकडची काळजी करू नका, मी बघते." सात महिन्यांपूर्वी तो कायमचा घरी आला. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं होतं, शेगडीची नळी बदलू का? ती सवयीने म्हणाली, "राहू द्या, मी बघते." त्यानंतर त्याने काही विचारलं नव्हतं.

आणि आता कंपनीने त्याला परत बोलावलं होतं, आणखी दोन वर्षांसाठी. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. कपाटावरची बॅग खाली आली होती. भरलेली नव्हती, पण खाली आली होती. त्याने जाऊ नये असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. पण "राहा" हा शब्द तिने कधी वापरलाच नव्हता, तो कुठून सुरू करतात हेही तिला ठाऊक नव्हतं. म्हणून तिने समुद्रच घरी आणला. त्याने टाकीकडे एकदा पाहिलं, "हं" म्हणाला आणि खुर्चीत जाऊन बसला.

गुरुवारी ती आपल्या शिलाईच्या दुकानाला कुलूप लावून टाकीवाल्याकडे गेली. सोबत टाकीतल्या पाण्याची बाटली होती.

"रोज कमी झालेलं पाणी कसं भरता?" त्याने विचारलं.

"मीठ घालून. चमचा सपाट करून," ती अभिमानाने म्हणाली.

त्याने कपाळाला हात लावला. "अहो ताई! पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं. वरून भरायचं ते साधं, गोडं पाणी. किती दिवस चाललंय हे?"

"बारा."

"मग काटा लाल पट्टा ओलांडून गेला असेल."

"नाही हो, हिरव्यातच आहे."

"मीटर बिघडलाय." त्याने बाटलीत स्वतःचा मीटर बुडवला. काढला, पुसला, परत बुडवला. दुसऱ्या मीटरने पाहिलं. "ताई," तो शेवटी म्हणाला, "हे माझ्याही डोक्यावरून गेलं."

रस्ताभर ती मीठ आणि पाण्याचा हिशोब जुळवत होती. माप तिचं कधी चुकत नसे. इंचाइंचाने कापड बेतणारी बाई, आणि बारा चमचे मीठ टाकीतून कुठे गेलं ते तिला सांगता येईना.

घरी आली तेव्हा चीफ आत झोपला होता. ती त्याच्या खुर्चीत बसली. खुर्चीशेजारच्या कुंडीतलं झाड गेले आठ दिवस पिवळं पडत होतं. त्याचंही कारण तिला कळलं नव्हतं. तिने खतही घालून पाहिलं होतं. आज मातीवर पांढरी साय धरलेली दिसली. तिने बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं.

खारट.

बोटीवर तो समुद्राच्या पाण्यातून पिण्याचं पाणी काढायच्या मशीनवर असे. मीठ मागे राहतं हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. म्हणजे ती दुकानात गेली की तो रोज टाकीतून तांब्याभर खारं पाणी काढत होता आणि तांब्याभर गोडं घालत होता. आणि घरातलं पाणी कुठे ओततात हे ठाऊक नसल्यामुळे कुंडीत ओतत होता. तिला हसू आलं, आणि मग डोळे भरून आले.

शुक्रवारी सकाळी तिने नेहमीसारखा चमचा सपाट केला, मीठ ढवळलं आणि रेघेपर्यंत पाणी भरलं. मग कुंडी उचलून जिन्यात ठेवली, तिच्या जागी रिकामी बादली ठेवली आणि दुकानात गेली.

संध्याकाळी बादलीत तांब्याभर पाणी होतं. चीफ टाकीसमोर उभा होता.

"झाड हलवलंस," तो म्हणाला.

"सुकत होतं."

तो काचेवरची खडूची रेघ बघायला वाकला.

"मासे आले की दर आठवड्याला बादलीभर पाणी बदलावं लागेल. पंप उघडून धुवावा लागेल." मग तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "जमेल ना तुला?"

मी बघते, हे शब्द सवयीने तिच्या ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले.

"नाही," ती म्हणाली. "मला एकटीला नाही जमायचं."

तो बाल्कनीत गेला, त्याने बादली उचलली. मग बादली घेऊन आत आला.

"हे कुठे ओतायचं असतं," त्याने विचारलं, "आपल्याकडे?"