दोघांच्या नावाचा शेवटचा फॉर्म

"आई, पंधरा तारखेच्या आत कॉलेजला टॅक्सच्या फॉर्मची प्रत मिळाली नाही, तर फीची मदत विसरायची! आज शनिवार, पोस्ट बाराला बंद होतं. उरक ना गं!" ग्रेटा कोट चढवूनच उभी होती.

"टॅक्सची मुदत पंधरा एप्रिलची, तर तुझ्या बाबाने जन्मात कधी चौदा तारखेआधी या फॉर्मला हात लावला नाही," मार्लिस म्हणाली. "पेन्सिल चावायची आणि सरकारच्या नावाने खडे फोडायचे."

"बाबा नाहीये आता."

"ठाऊक आहे. तू नको सांगूस मला."

ड्वेन ऑक्टोबरात गेला होता. नवरा ज्या वर्षी जातो, त्या वर्षाचा फॉर्म बायकोला दोघांच्या नावाने भरता येतो. पुढच्या वर्षापासून एकटीचा. तीन आठवडे मार्लिस कधी पावत्या शोधत होती, कधी चष्मा. आज निमित्तं संपली. तिने त्याचं नाव लिहिलं, कामाच्या रकान्यात 'ट्रक ड्रायव्हर' लिहिलं, पण सहीपाशी तिचा हात अडला.

"सही केली की गेलं हे," ती म्हणाली. "बावीस वर्षं दोघांची नावं एकाखाली एक लिहितोय गं आम्ही."

ग्रेटाने घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा वाजले होते. तिने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि आईशेजारी बसली.

"राहू दे आज," ती म्हणाली. "शनिवारी पोस्ट बंदच असतं."