मास्तरांच्या पेटीतली काळुंदर

ठाण्याच्या शाळेत श्रीपादपंत मास्तरांनी अठ्ठावीस वर्षं मुलांना शिकवलं. पण एका माशाने त्यांना जेवढं छळलं, तेवढं कुठल्या द्वाड पोरानेही कधी छळलं नव्हतं.

त्याचं असं झालं. शके १८०७ मध्ये विद्याखात्याने लहान मुलांच्या नव्या क्रमिक पुस्तकासाठी मास्तरमंडळींकडून धडे मागवले. पंतांनी काळुंदरीवर धडा लिहून पाठवला. काळुंदर हा आपल्या खाडीतला मासा. तळहाताएवढा, चपटा, हिरवट रंगाचा, अंगभर मोत्यांसारखे ठिपके. बाकीचे मासे अंडी टाकून आपल्या वाटेने निघून जातात. काळुंदरीची जोडी मात्र अंड्यांजवळ थांबते, पिल्लं सांभाळते, असं कोपरीच्या मिठागरावर काम करणाऱ्या बायजाने त्यांना बोलता बोलता सांगितलं होतं. एवढी सुंदर गोष्ट आपल्या दाराशी आणि आपल्या पोरांना तिचा पत्ता नाही, हे पंतांना सहन होईना.

धडा पुण्याहून परत आला. वर तांबड्या शाईचा शेरा होता : ‘लेखकाने हे स्वतः पाहिले आहे काय? ऐकीव माहिती मुलांच्या पुस्तकात घालता येत नाही. पाहिले असल्यास नाताळापूर्वी कळवावे.’

शेरा खरा होता, आणि म्हणूनच तो फार लागला. ‘आधी डोळ्यांनी पाहा, मग तोंडाने सांगा,’ हे पंत वर्गात रोज म्हणत.

खाडीचं पाणी गढूळ. त्यात वीतभर खालचं दिसत नाही. तेव्हा पंतांनी सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली, तिच्या एका अंगाला काच बसवून सांधे लुकणाने भरले. पेटी दोन दिवस अशी गळली की, ओसरी सारवायला काढल्यासारखी दिसू लागली. उत्तराबाईंनी, म्हणजे पंतांच्या पत्नीने, एकच अट घातली : मासे ओसरीच्या पुढे घरात येता कामा नयेत. बायजाने बांधाआडच्या पाण्यातून एक जोडी आणून दिली. पाणीही तिथलंच, दोन हंडे. तळाला जाड रेती पसरली आणि अंड्यांसाठी एक कौल तिरपं टेकवून ठेवलं.

“मास्तर, कालुंदर आनून खानारी मानसं लई बघितली,” ती म्हणाली. “आनून नांदवनारे तुमीच पयले.”

आठवड्याभरात कौलावर अंडी दिसली. मोहरीहून जराशी मोठी, एकेक देठावर उभी. पंतांनी शाळेत जाण्याआधी पाहिलं, आल्यावर पाहिलं. नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांना तोंड लावत होती. गावातल्या एका वकिलांकडून आणलेल्या इंग्रजी पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की, पुष्कळ मासे स्वतःचीच अंडी खातात. पंतांच्या सात पिढ्यांत कुणी मासा हातात धरला नव्हता, आणि त्यांच्या घरात वस्तूला तोंड लागलं की ती खाल्लीच असं धरत. त्यांनी पंच्याने दोघांना उचलून घंगाळात टाकलं आणि अंडी वाचवली.

दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी झाली. तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर कापसासारखी लव आली.

काही दिवसांनी जोडीने पुन्हा अंडी घातली. या खेपेला पंतांनी एक दिवस धीर धरला; पण मादीने एक अंडं उचलल्याचं डोळ्यांनी दिसल्यावर त्यांच्याने राहवेना. पुन्हा पंचा, पुन्हा घंगाळ, पुन्हा कापूस. पाणी वाईट असेल म्हणून त्यांनी बायजाकडून दोन हंडे नवं मागवलं. ती पाणी ओतून गेली. तिला त्यांनी काही विचारलं नाही. मासे मारून खाणाऱ्या बाईला मासे वाढवण्यातलं काय कळणार, असं त्यांच्या मनात होतं, आणि ते आपल्या मनात आहे हेही त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

“माझी चार बाळंतपणं झाली,” उत्तराबाई ताक घुसळता घुसळता म्हणाल्या, “पण असं उकिडवं बसून कुणी पाहिलं नाही हो आमच्याकडे.”

शाळेतली पोरं रोज सकाळी विचारत, मास्तर, पिल्लं झाली का? पंत आधी हसून मान हलवत. मग नुसती मान हलवू लागले. मग एका सकाळी, ज्याने विचारलं त्या मुलाला त्यांनी तासभर बाकावर उभं केलं. अठ्ठावीस वर्षांत प्रश्न विचारला म्हणून कुणाला शिक्षा केली नव्हती. घरी येताना त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती, आणि तरी राग काही उतरेना. माशांवरचा, पेटीवरचा, तांबड्या शाईवरचा.

नाताळाला बारा दिवस उरले असताना तिसऱ्यांदा अंडी आली. या खेपेला पंतांनी पेटीवर पासोडी टाकली आणि दिवसातून एकदाच ती उचलायची, असं स्वतःला बजावलं. चौथ्या दिवशी पासोडी उचलली तर कौलावर केसाएवढ्या शेपट्या वळवळत होत्या. पिल्लं! पोथीसमोर बसावं तसे पंत पेटीसमोर बसले.

आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मादी पुढे झाली, तिने तोंड उघडलं आणि एक पिल्लू आत घेतलं. मग दुसरं. मग तिसरं.

सहा आठवड्यांचा राग एका क्षणात हातात उतरला. पंचा शोधायलाही ते थांबले नाहीत. बाही न सारता हात पाण्यात घातला आणि मादीला काठाशी दाबून बाहेर काढलं. ओला मासा हातात कसा टिकवायचा, हे त्यांना कधी शिकावं लागलं नव्हतं. ती निसटली, ओसरीच्या पायरीवर आपटली, तिथून अंगणातल्या दगडावर. पंत दोनदा वाकले, दोनदा ती बोटांतून सुटली. तिसऱ्यांदा हाती आली तेव्हा हलत नव्हती.

बायजा पाण्याचा हंडा घेऊन अंगणात शिरली ती याच वेळी. तिने हंडा उतरवला, मासा उचलला आणि विचारलं की झालं काय.

“पिल्लं खात होती,” पंत म्हणाले. “पोटची पिल्लं. मी पाहिलं.”

बायजाने अंगठ्याने माशाचा जबडा दाबला. तिच्या तळहातावर पाच-सहा बारीक दोरे पडले. त्यांतला एक अजून वळवळत होता.

“खाल्ली अस्ती त पोटान गेली अस्ती,” ती म्हणाली. “ही तोंडान हायेत.”

तिने विळी मागितली. उत्तराबाई दारातच उभ्या राहिल्या. घरातली विळी मिळणार नव्हती हे दोघींनाही ठाऊक होतं. बायजाने कमरेची सुरी काढली, केळीच्या पानावर मासा आडवा केला आणि पोट चिरलं. पंतांनी मान फिरवली. मग ती परत वळवली, कारण पाहणं भाग होतं. पोट रिकामं होतं. दोरीसारखं बारीक आतडं, आणि त्यात काही नाही.

“पोरं असली का ही खात नाय,” बायजा सांगू लागली. “आमाला चिरताना दर येलेला रिकामं पोट दिसते. बांधाआडच्या उथल पान्यान बघितलंय, अंड्यांवर पंख्यान पानी मारते, नासलेलं उचलून टाकते. पोरं निंगली का तोंडान धरून रेतीच्या खड्ड्यान नेऊन ठेवते.”

म्हणजे दोन खेपा अंडी कशाने नासली, ते पंतांना आता कुणी सांगायला नको होतं.

“हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुमी इचारलंत कंदी?” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. तेच जास्त टोचलं.

तिने तळहातावरचे दोरे पेटीत सोडले. कौल जवळजवळ रिकामं झालं होतं. कोपऱ्यात रेतीत वाटीएवढा खड्डा होता आणि एकटा नर तोंड भरून तिकडे चालला होता. पिल्लं खड्ड्यात ठेवून तो वळला आणि राहिलेल्यांसाठी पुन्हा कौलाकडे आला. पंत शाळेची घंटा होईपर्यंत पाहत राहिले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले होते.

संध्याकाळी त्यांनी कागद पुढे ओढला. आता पुण्याला कळवता येत होतं : होय, स्वतः पाहिले. पिल्लं तोंडातून नेताना पाहिली, पोट रिकामं पाहिलं. एवढ्यावर थांबलं असतं तर धडा छान गोड झाला असता. पंतांनी लिहिलं, हे सर्व कोपरीच्या बायजाबाईंना पूर्वीच ठाऊक होते. मग त्यांनी टाक पुन्हा शाईत बुडवला. वाचणारी मुलं आठ वर्षांची असणार होती. आठ वर्षांच्या मुलाला मास्तर चुकतो हे सांगावं का?

शेवटी त्यांनी खाली लिहिलं : ‘हा धडा लिहिणाऱ्यास वाटले की आई पिल्ले खात आहे. त्याने कोणास विचारले नाही. त्याच्या हातून आई मेली. बाप पिल्ले सांभाळीत आहे.’

उत्तराबाईंनी ते वाचून पाहिलं. एवढं पुस्तकात कोण घेईल, असं त्या म्हणाल्या.

“न घेवोत,” पंत म्हणाले. “खोडायचं तर ते खोडतील. मी नाही खोडणार.”