एका थेंबाचे दोन मणी

"ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही, पैज लावतो," म्हणत मी खुर्ची पुढे ओढली. समोर जावई आणि त्याचे ऑफिसातले दोन मित्र. मुलगी खिडकीशी मटार सोलत बसली होती. तिची आई जाऊन सात वर्षं झाली.

चाळीस वर्षं मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काचकाम केलं. नळ्या वितळवायच्या, वाकवायच्या, फुंकून फुगवायच्या. मोठमोठे शास्त्रज्ञ माझ्या फुंकरीवर उभे आहेत, हे मी त्यांना अधूनमधून ऐकवतही असे.

तिथल्या एका सरांनी मला जुळ्या प्रकाशकणांचं गौडबंगाल सांगितलं. एकाच ठिकाणी जन्मलेले दोन कण, एक इथे, दुसरा शेकडो मैलांवर. याला मोजलं, की त्याचंही उत्तर तेव्हाच ठरतं. आणि मोजेपर्यंत दोघांचंही काहीच ठरलेलं नसतं.

"म्हणजे लग्नाआधी मी होतो तसं," मी म्हणालो.

सर हसले. "पण काका, हे कणांचं आहे, काचेचं नाही. आणि यातून निरोप पाठवता येत नाही, बरं का."

निरोपाचं मी कानाआड केलं. बायकोला उपचारांसाठी मुलीकडे दूरच्या शहरात हलवायचं ठरलं, त्या दिवशी काचेचा एकच थेंब वितळवून ओढला आणि त्याचे दोन मणी केले. एक तिच्या उशाशी, एक माझ्या खिशात.

"मग काय विचारता. तिकडे तिला ताप चढला की इकडे माझ्या खिशाला चटका. तिला झोप लागली की मणी गार. एकदा नर्सने तिला कडू औषध पाजलं, तर मी इथे दोन दिवस साखर खात होतो."

"मामा, मागच्या वेळी एकच दिवस होता," जावई म्हणाला.

"औषध मुरत चाललंय."

सगळे हसले. मग त्यातला चष्मेवाला मित्र म्हणाला, "पण काका, तुम्ही भेटायला का नाही गेलात?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

"गेलो असतो, तर डॉक्टरांना विचारावं लागलं असतं," मी म्हणालो. "न विचारलेलं अजून ठरलेलं नसतं, सरांनीच सांगितलं होतं की. विचारलं, की ठरलं."

यावर कुणीच हसलं नाही. म्हणून मी घाईघाईने पुढचं जोडलं. ते मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तर त्या दुपारी, चार वाजून दहा मिनिटं झालेली. मी ज्योतीपाशी नळी फिरवतोय आणि खिशात मणी तडकला. कट्, एवढाच आवाज. कुणी सांगायची गरजच उरली नाही. ती गेली, तेव्हा मी तिथे नव्हतो, पण त्या क्षणी तिच्याबरोबर होतो."

चष्मेवाल्याने चष्मा काढून हातात धरला. जावई जमिनीकडे बघत राहिला.

"बाबा," मुलगी म्हणाली. तिने मान वर केली नाही. "आई चारच्या आधीच गेली होती. चार-दहाला आला तो माझा फोन. मला तोंड उघडू दिलं नाहीत तुम्ही. म्हणालात, आत्ता कामात आहे, आईला सांग, रविवारी नक्की येतो."