राहीलच्या दुकानापुढची जागा

केडगावात पुणे रस्त्याला राहीलचं प्लायवूडचं दुकान आहे. मालाचा टेम्पो दुकानापुढे रस्त्यावरच उभा राहायचा. गेल्या वर्षी एका सकाळी राहीलचा थोरला भाऊ महमूद सायकलवरून कामाला निघाला, त्या टेम्पोला वळसा घालायला रस्त्याच्या मधे आला आणि मागच्या ट्रकखाली सापडला. राहील तेव्हा टेम्पोतला माल उतरवून घेत होता.

महमूदची बायको शहजादी रडली नाही. बायका म्हणाल्या, आज ना उद्या रडेल. इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात काढून झाल्यावर ती दुकानात येऊन बसू लागली. गिऱ्हाइकांना कड्या-बिजागऱ्या काढून द्यायची, येईल त्याला चहा द्यायची.

पुढे वॉर्डातले पुढारी कल्याणराव यांनी खटपट करून रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी पट्टा आखून घेतला, त्याला नारिंगी खांब लावून घेतले. फीत शहजादीच्या हातून कापवली. फोटोवाला म्हणाला, "ताई, इकडं बघा." तिने बघितलं. दुसऱ्या दिवसापासून तिची अकरावीतली मुलगी अलिझा त्या पट्ट्यातून सायकलने कॉलेजला जाऊ लागली.

दुकानदार मात्र चिडले. गिऱ्हाइकाने गाडी लावायची कुठे? राहीलचंही गिऱ्हाईक तुटलं. खांब काढा म्हणून सगळ्यांनी अर्ज केला, त्यात राहीलचीही सही होती. निवडणूक जवळ आलेली. कल्याणराव चार दुकानदारांना घेऊन राहीलकडेच आले.

"ताई, तुमच्या घरचीच सही आहे," ते शहजादीला म्हणाले. "मग मी कोणाच्या जोरावर खांब ठेवू? तुम्ही सांगा."

सगळे तिच्याकडे बघत होते. राहील खाली बघत होता. ती चहा गाळत होती.

"मला काय कळतं त्यातलं," ती म्हणाली. "तुम्हाला साखर चालते ना?"

ते गेल्यावर राहील म्हणाला, "भाभी, तुम्ही एक शब्द बोलला असता तर मी सही मागं घेतली असती."

"मला खरंच काही वाटलं नाही, राहीलभाई."

ती खोटं बोलत नव्हती.

थोड्याच दिवसांत भर दुपारी माणसं आली आणि खांब उपटून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकू लागली. ऊन होतं, शहजादीने त्यांनाही चहा दिला. त्यांच्यातला एक म्हातारा कपाळ पुसत म्हणाला, "लई घट्ट बसवले हुते ओ. निघंनात."

रात्री जेवताना अलिझा म्हणाली, "मी सायकलनेच जाणार."

"रिक्षा लावून देतो, बेटा," राहील म्हणाला.

"नको, चाचा. तुमचा टेम्पो तेवढा बाजूला लावा."

राहीलचा हात ताटातच राहिला. शहजादीने त्याला भाकरी वाढली.

सकाळी त्याने टेम्पो मागच्या गल्लीत पाठवला. लगेच त्या जागेत शेजारच्या दुकानाचा पिकअप घुसला. राहील काच वाजवून म्हणाला, "दहा मिनिटं पुढं घ्या. पोरगी जायचीय."

"आता पट्टा गेला ना, शेठ? रस्ता सगळ्यांचा." पण ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली. राहीलने आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि त्या जागेत बसला. अलिझा त्याच्या अगदी जवळून गेली, पण तिने त्याच्याकडे बघितलं नाही. तो खुर्ची घेऊन उठला, पिकअप मागे आला.

दुसऱ्या दिवशीही तो बसला. आजूबाजूचे दुकानदार हसत होते. शहजादी गल्ल्यावरून बघत होती.

"उद्या मी बसते," ती म्हणाली.

"तुम्ही नको, भाभी."

"का?"

तो खुर्ची आत ठेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी ती रस्त्याकडे तोंड करून बसली. उसाचा एक ट्रक इतक्या जवळून गेला की खुर्ची हलली, ओढणी डोक्यावरून उडाली. ती दचकून मागे सरकली. महमूद गेल्यापासून तिला कशाचीच भीती वाटली नव्हती, ती आता वाटली. वळणावर अलिझाची सायकल दिसली, मागे आणखी एक ट्रक. शहजादीला उठून पळावंसं वाटलं. ती खुर्चीचे हात धरून बसून राहिली.