बुवांचा डावा हात

"नाव?" ताईंनी मान वर न करता विचारलं.

समोरच्या माणसाने गालावरचा रुमाल बाजूला करून नाव सांगितलं आणि ताईंचं पेन कागदावरच अडकलं. हे नाव लग्न झाल्यापासून त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं, की सख्ख्या दिराचंही ऐकलं नसेल. त्यांनी हळूच मान वर केली. तेच मानेवर रुळणारे पांढरे केस, तेच पुढे आलेलं नाक. घरातल्या तबकड्यांच्या कव्हरांवर हा माणूस पियानोसमोर डोळे मिटून बसलेला असे. इथे तो डोळे उघडे ठेवून, डावा गाल धरून उभा होता, आणि गाल टम्म फुगला होता.

"बसा," ताई म्हणाल्या. आवाज भलताच चिरका निघाला. "दाढ का?"

त्याने केविलवाणी मान हलवली.

आता ताई म्हणजे काही गप्प बसणारी बाई नव्हे. दाताच्या दवाखान्यात दारातल्या काउंटरवर त्यांची निम्मी हयात गेली होती. फोन घ्यायचे, नंबर लावायचे आणि घाबरलेल्या माणसाला हसवून आत पाठवायचं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, माझं अर्धं इंजेक्शन ताईच देतात. पण त्या दिवशी ताईंच्या तोंडाला कुलूप लागलं. छाती अशी धडधडायला लागली, की पेशंट आपणच आहोत की काय असं त्यांना वाटलं.

कारण घरी मिस्त्री होते. मिस्त्री म्हणजे ताईंचे यजमान. जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या म्हणून अख्खी इमारत त्यांना मिस्त्री म्हणे, आणि त्यांच्या माघारी ताईही. तरुणपणी एकदा शहरातल्या मोठ्या सभागृहाची लिफ्ट बिघडली होती. मिस्त्री तळाच्या खड्ड्यात उतरून ग्रीसने माखलेल्या हातांनी काम करत होते आणि वर रंगमंचावर कोणीतरी पियानोचा सराव करत होतं. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला तो ठेवलाच. खड्ड्यात बसून जिवाचा कान करून ऐकत राहिले. वर येऊन पाहतात तर वाजवणारा निघून गेलेला. नाव कळलं ते भिंतीवरच्या जाहिरातीवरून.

तेव्हापासून या माणसाचं वेड लागलं. एकेक करून तबकड्या जमल्या. संध्याकाळी जेवणाआधी एक तबकडी लागणार म्हणजे लागणार, आणि ताई स्वयंपाकघराचं दार लोटून घेणार. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. वाजवणाऱ्याचं नाव त्यांनी 'बुवा' ठेवलं होतं. मिस्त्री विचारायचे, आज दवाखान्यात कोण कोण आलं? ताई सांगायच्या, दोन मंत्री, एक नटी आणि तुमचे बुवा. बुवांना कवळी बसवली, बुवा सुई बघून रडले, बुवांनी मला लिमलेटची गोळी मागितली. वर्षानुवर्षं हा विनोद चालला होता आणि मिस्त्री दर वेळी हसायचे.

हल्ली हसत नव्हते. उजवा कान कधीच गेला होता. आता कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डावाही निघालाय, वर्षभरात तोही जाईल, आणि यंत्राचाही फारसा उपयोग व्हायचा नाही. अशात शहरभर जाहिराती लागल्या की बुवा येताहेत. मिस्त्रींनी मनाशी एकच धरलं. कान आहे तोवर त्यांना एकदा समोर बसून ऐकायचं. बिचारे पहाटेपासून तिकिटाच्या रांगेत उभे राहिले, आणि त्यांचा नंबर येता येता खिडकी बंद झाली. घरी आले. सगळ्या तबकड्या खोक्यात भरल्या आणि खोकं माळ्यावर टाकलं. कार्यक्रम आज संध्याकाळी होता.

आणि बुवा इथे बसले होते, दाढ धरून.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत नेलं, दाढ पाहिली, काढावीच लागेल म्हणाल्या. सुई दिली आणि गाल बधिर होईपर्यंत पुन्हा बाहेर आणून बसवलं. बाहेर दुसरं कोणी नव्हतं, फक्त नवी कवळी न्यायला आलेल्या एक आजी होत्या. ताईंनी धीर केला, काउंटरच्या मागून बाहेर आल्या, आणि एकदा तोंड उघडल्यावर मग काय. खड्डा, पाना, तबकड्या, कान, ती मेली खिडकी, सगळं एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. फोनवर नुसते दोन शब्द बोला हो त्यांच्याशी, असं म्हणाल्या. बुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुणेने सांगितलं, लावा फोन.

ताईंनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मिस्त्रींचा आनंद त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता.

"अहो, ऐका. बुवा आलेत. इथे माझ्यासमोर बसलेत."

"हं," मिस्त्री म्हणाले. "आणि मंत्री?"

"थट्टा नाही हो. गळ्याशपथ सांगते."

"अगं, आज नको," मिस्त्री म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "आज नको ना."

ताईंनी घाईघाईने फोन बुवांच्या तोंडापुढे धरला. बुवांनी घसा खाकरला, मोठ्या अदबीने बोलायला गेले, पण अर्धी जीभ आणि अर्धा ओठ रजेवर गेलेले. तोंडातून नुसतं "ब्लां फ्लू ल्लां" एवढंच निघालं आणि मागोमाग हनुवटीवर लाळ. मिस्त्रींनी पलीकडून विचारलं, हे कोणाला धरून आणलंयस, दिवसाढवळ्या चढवलेली दिसतेय.

ताईंना हसावं की रडावं कळेना. बुवांनी मात्र रुमालाने हनुवटी पुसली आणि फोन काउंटरवर ठेवायला लावला. पेनांचा डबा बाजूला सारला, दातांचा प्लास्टरचा साचा बाजूला सारला, खुर्ची ओढली, बाह्या सरसावल्या. काउंटर साध्या प्लायवुडचा, आतून पोकळ. बुवांनी दोन्ही हात त्यावर ठेवले आणि डोळे मिटले. आता मात्र ते अगदी कव्हरावरच्यासारखे दिसायला लागले.

आधी एकटा डावा हात निघाला. एकेक बोट, जड, सावकाश. मग उजवा आला, हलका आणि भराभर. प्लायवुडमधून सूर कुठला यायला, नुसते ठोके. पण ते ठोके चालत होते, मध्येच थांबत होते, पुन्हा निघत होते. ताईंनी कान टवकारले. हे त्यांनी ऐकलं होतं. दार लोटल्यावर भांड्यांच्या आवाजात जे काही आत यायचं, ते हेच. मिस्त्री याला जिन्याचं गाणं म्हणत. त्यांचं म्हणणं, डावा हात जिना उतरतो आणि मधल्या पायरीवर कोणाची तरी वाट बघत थांबतो. कवळीवाल्या आजी म्हणाल्या, इंजेक्शन डोक्यात गेलं वाटतं. ताईंनी त्यांना हातानेच गप्प केलं.

बुवा थांबले. ताई फोनशी वाकल्या.

"अहो?"

"जिन्याचं आहे," मिस्त्री म्हणाले. आवाज पार बदलला होता. "अगं, तुला येतं हे?"

"मला नाही हो, हे इथे..."

"मला वाटायचं, तुला आवडत नाही म्हणून तू दार लावून घेतेस. तू ऐकत होतीस." त्यांनी नाक ओढलं. "इतकी वर्षं ऐकत होतीस आणि बोलली नाहीस. पाठ केलंस की गं सगळं. डावा हात तेवढा जरा घाई करतोय. जिना उतरताना घाई करायची नसते. पण जमेल, सवयीने जमेल तुला."

बुवांच्या भुवया कपाळात गेल्या. मग त्यांचं अर्धं तोंड हसायला लागलं, खांदे गदगदायला लागले, आणि पुन्हा लाळ. ताई फोनवर जीव तोडून सांगत होत्या की मी नाही, ते आहेत, तेच आहेत. मिस्त्री ऐकतील तर शपथ. ते हसत होते. कानाच्या डॉक्टरांकडून आल्यापासून पहिल्यांदा हसत होते.

"लवकर ये घरी," ते म्हणाले. "आपल्या टेबलावर वाजव. कान गेला तर गेला. मी टेबलाला हात लावून बसेन. तू वाजवलंस की मला हातातून कळेल."

फोन बंद झाला. ताई उभ्याच राहिल्या. नवरा हसला याचा आनंद एवढा झाला होता की नाचावंसं वाटत होतं, आणि तो कशाला हसला ते आठवून रडायला येत होतं.

"मला यातलं काही येत नाही हो," त्या बुवांना म्हणाल्या. "मला कटकट वाटायची म्हणून मी दार लावून घ्यायची."

बुवांनी मान हलवली. ताईंनी मनगटाने डोळे पुसले, दुसरी खुर्ची ओढली, त्यांच्या शेजारी बसल्या आणि दोन्ही हात काउंटरवर ठेवले.

"शिकवा मला," त्या म्हणाल्या. "आतून बोलावणं येईपर्यंत जेवढं होईल तेवढं."

बुवांना बोलता येत नव्हतं हे एका परीने बरंच झालं. ते एक बोट टेकवायचे आणि ताईंकडे बघायचे. ताई तेच बोट दाणकन आपटायच्या. बुवा त्यांचं मनगट धरून उचलायचे, हलवून हलवून सैल करायचे, पुन्हा खाली ठेवायचे. दवाखान्याचा फोन वाजत राहिला आणि ताईंनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं. आजी कुतूहलाने जवळ सरकल्या, स्वतःच्या गुडघ्यावर बोटं आपटायला लागल्या, आणि लाजेची गोष्ट अशी की त्यांना ताईंच्या आधी जमलं. ताई चिडल्या. ओठ घट्ट मिटून पुन्हा सुरुवातीपासून निघाल्या, आणि या खेपेला डाव्या हाताचा पहिला तुकडा न अडखळता पार पडला. आजींनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाई दारातून डोकावून म्हणाल्या, ठोकाठोकी काय चाललीय, सुतार बोलावलाय का? आणि बुवांना आत घेऊन गेल्या.

बुवा बाहेर आले ते तोंडात कापसाचा बोळा धरून. त्यांनी खिशातून एक पास काढून काउंटरवर ठेवला. आज संध्याकाळचा, एका माणसाचा, रंगमंचावर पियानोच्या अगदी जवळच्या खुर्चीचा. ताईंना त्यांचा हात हातात घ्यायचा होता, पण संध्याकाळी एवढं वाजवायचंय, उगाच बोटबिट दुखावलं तर काय घ्या, म्हणून त्यांनी नुसती त्यांची बाही धरली.

डॉक्टरीणबाईंना कसंबसं सांगून ताई सुटल्या त्या घरापर्यंत धावतच आल्या. दार उघडंच होतं. मिस्त्रींनी टेबल लख्ख पुसून ठेवलं होतं, त्यावरची औषधं, चष्मे, वर्तमानपत्रं सगळं पलंगावर नेऊन टाकलं होतं. माळ्यावरचं खोकं खाली आलं होतं. खुर्चीवर उशीसुद्धा ठेवली होती. बस आणि वाजव, असं त्यांनी हातानेच सांगितलं.

ताईंनी आधी पास त्यांच्या हातात दिला.

मिस्त्रींनी तो वाचला, चष्मा लावून पुन्हा वाचला, आणि मग त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"म्हणजे मघाशी फोनवर..."

"तेच होते," ताई त्यांच्या डाव्या कानाशी मोठ्याने म्हणाल्या.

"आणि मी त्यांना म्हणालो की डावा हात..."

मिस्त्रींच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ताईंनी सांगितलं, बुवा हसून हसून बेजार झाले, जराही रागावले नाहीत. तेव्हा कुठे मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला, आणि मग काय विचारता. कोट कुठाय, चांगला सदरा कुठाय, बुटांना पॉलिश आहे का. रंगमंचावर बसायचं, गंमत आहे का. त्यांच्या हाताला बटणं सापडेनात, एका पायात बूट घालून दुसरा शोधत ते घरभर फिरले. ताई मागून कोट घेऊन फिरल्या. लहान पोरांसारखी दोघांची धांदल उडाली होती.

आणि मग, कोटात एक हात घातलेला असताना, मिस्त्री थांबले.

"म्हणजे ती तू नव्हतीस," ते म्हणाले.

तक्रार नव्हती. पास हातात होता, आनंद तर चेहऱ्यावर होताच. पण त्या आनंदातून काहीतरी एक काढून घेतलं गेलं होतं, आणि ते ताईंना स्पष्ट दिसलं. खोटं बोलावं असं एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी दार लावून घेत होते."

मिस्त्रींनी मान हलवली. कोटाच्या दुसऱ्या बाहीत हात घातला आणि पाठ फिरवून खाली वाकून दुसरा बूट शोधायला लागले.

ताई टेबलाशी बसल्या. दोन्ही हात वर ठेवले, मग उजवा उचलून मांडीवर घेतला, कारण उजव्याचं शिकायचं राहूनच गेलं होतं. डाव्या हाताचं पहिलं बोट टेकवलं, दुसरं टेकवलं, तिसरं चुकलं. पुन्हा सुरुवात केली. मिस्त्रींना काही ऐकू गेलं नव्हतं, ते पलंगाखाली बघत होते. ताईंनी जोर लावला, टेबल हललं, पलीकडच्या खिडकीतला ग्लास थरथरला. घाई करायची नाही, घाई करायची नाही, असं त्या मनातल्या मनात म्हणत होत्या.

मिस्त्री बूट घेऊन सरळ झाले आणि वळले तेव्हा त्यांनी ते पाहिलं. बूट हातातच राहिला. ते एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा असे चालत आले आणि त्यांनी तळवा टेबलावर पालथा टेकवला.

"उशीर होईल," ताई म्हणाल्या.

"थांब," मिस्त्री म्हणाले. "परत घे."

ताईंनी परत घेतलं. जेवढं येत होतं तेवढं सावकाश, एकेक बोट करून वाजवलं. मग थांबल्या, कारण पुढचं त्यांना येत नव्हतं. मिस्त्रींनी हात उचलला नाही, तसेच टेबलाशी वाकून उभे राहिले.