सोबतीची तपासणी

उद्याच्या तपासणीआधी पोट साफ व्हावं म्हणून दिलेल्या जुलाबाच्या औषधाचा ड्रायव्हरने नाक दाबून घोट घेतला आणि पेला ओट्यावर आपटला. शेजारी उभ्या असलेल्या बायकोने आपला पेला एका दमात रिकामा केला. तिने तोंडसुद्धा वाकडं केलं नाही, म्हणून त्यालाही उरलेलं प्यावं लागलं.

घाटातल्या वळणांवर हा माणूस बेधडक बस चालवी, पण आतड्याच्या सीटी स्कॅनचं नाव काढलं की विषय बदली. थोरला भाऊ मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेला, तेव्हाच डॉक्टरांनी यालाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. हा आज-उद्या करत राहिला. शेवटी बायको म्हणाली, "मीही करून घेते. दोघं मिळून उपाशी राहू." तिला काडीचाही त्रास नव्हता. याला घराबाहेर काढायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

सकाळी दवाखान्यात आधी तिचा नंबर लागला. ती बाहेर आली तेव्हा तो दारातच उभा होता.

"काय करतात गं?"

"बारीक नळी घालून हवा भरतात. तुमच्या टायरमध्ये भरतात तशी. आधी उताणं झोपायचं, मग पालथं. श्वास रोखा म्हटलं की रोखायचा."

"दुखतं?"

"दुखत नाही, लाज वाटते. ती इथं माझ्याकडे ठेवून जा."

त्याचंही झाल्यावर दोघं पोट धरून आवारात फेऱ्या मारत राहिले. भरलेली हवा वाट मिळेल तशी बाहेर पडत होती. संसारात इतकी वर्षं त्याने तिच्यासमोर राखलेली अब्रू पार धुळीला मिळाली.

"हॉर्न कशाला वाजवताय? रस्ता मोकळाच आहे," ती म्हणाली. तो हसता हसता बाकावर बसला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर त्याचं आतडं दाखवलं. सगळं स्वच्छ होतं. त्याने बायकोचा हात घट्ट धरला. भाऊ गेल्यापासून तो इतका मोकळा कधी झाला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दुसरं चित्र आणलं आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"तुमच्या आतड्यात मात्र एक गाठ दिसतेय. दुर्बिणीने काढावी लागेल. कसली आहे ते काढल्यावरच कळेल."

"पण मला काहीच होत नाही."

"म्हणून तर बरं झालं, वेळेत आलात."

तिने मान हलवली. घर येईपर्यंत ती हातातली फाइल उलटसुलट करत राहिली, आणि तिला धीर कसा द्यावा हे त्याला सुचेना. ते काम आजवर तिचंच होतं.

दुर्बिणीच्या आदल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली, तर ओट्यावर दोन पेले भरून ठेवलेले. तो बाजूला उभा होता.

"अहो, तुम्हाला कशाला? तुमचं तर झालं ना."

"दोघं मिळून उपाशी राहू," तो म्हणाला.

त्याने नाक न दाबता आपला पेला रिकामा केला आणि तोंड जराही वाकडं न करता तिच्याकडे बघत उभा राहिला.